रोल चुकल्यावर

कयाक ही चिंचोळी बोट उलटली की आत बसूनच पॅडलने आणि कंबरेने ती सरळ करायची, तो रोल. मुंबईत तो शिकवायचा म्हणजे आधी स्विमिंग पूल मिळवायचा. रात्रीची शेवटची बॅच निघून गेल्यावर तासभर मिळतो. त्यातही बोटींचे तळ घासून धुतलेत हे दाखवायचं, आणि उलटी बोट दिसली की शिट्टी फुंकणाऱ्या लाइफगार्डची दर वेळी नव्याने समजूत घालायची. पण खरी पंचाईत पुलाच्या पाण्याची. ते इतकं नितळ, की उलटं लटकलेल्या माणसाला पॅडलचं पातं दिसतं आणि तो रोल डोळ्यांनी शिकतो. मनोरीच्या खाडीत पाण्याखाली स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून मी गॉगलवर काळी चिकटपट्टी लावून सराव घेतो. पुढे वाकायचं, छाती डेकला टेकवायची, मनगटांना हवा लागते का बघायचं, पात्याने पाण्यावर चापटी मारून पृष्ठभाग कुठे आहे ते जाणायचं आणि मग कंबरेचा झटका. डोकं सगळ्यात शेवटी वर. लोक नेमकं डोकं आधी काढतात, आणि बोट पुन्हा अंगावर येते.

एका साहसी पर्यटनवाल्यांना मदतनीस हवे होते, म्हणून दोघांची परीक्षा घ्यायची होती. एक मढच्या कोळीवाड्यातला पोरगा. पुलात त्याचा रोल बघत राहावा असा, पण पट्टीचा गॉगल म्हटलं की नाक मुरडणार. दुसऱ्या एक ताई, बँकेत नोकरी करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या. त्या पॅडल टोकाला धरून लांब करतात, तो पावलाटा रोल. ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटाने १९२७ साली तो करून दाखवला, म्हणून हे नाव. ताईंचा कधी लागायचा, कधी नाही.

भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असतो ते दिवस बघून गेलो. उधाणाला इथे भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, तेव्हा खाडीच्या तोंडाशी असले प्रयोग नकोत. ओहोटी नुकती लागली होती.

पोरगा उलटला. पातं खोल गेलं, डोकं आधी आलं, रोल फसला. दुसरा प्रयत्न नाहीच. कंबरेभोवती बोटीचं तोंड झाकणाऱ्या स्कर्टचा पट्टा ओढून बाहेर आला आणि बोट, पॅडल सगळं सोडून काठाकडे सुटला. काय सुंदर पोहला! बोट मात्र ओहोटीबरोबर समुद्राकडे निघाली. ती गाठून, दोरी बांधून परत आणेपर्यंत माझे खांदे भरून आले.

ताईंचाही रोल फसला. पुन्हा पुढे वाकल्या, पुन्हा फसला. मग तळावर थाप ऐकू आली, मदत मागायची खूण. धप, धप, धप. दोन्ही हात बोटीच्या कडेने मागेपुढे फिरत होते. मी माझ्या बोटीचं नाक त्या हातांत दिलं. त्यावर भार घेऊन कंबरेने बोट सरळ केली, नाकातलं पाणी शिंकरलं आणि म्हणाल्या, “सर, परत एकदा.” त्या वेळी रोल लागला.

जेटीवरून मोबाइलवर शूटिंग करणारे पर्यटनवाल्यांचे साहेब पोरावर खूश. “पोहतो बघा कसा! बाईंचा रोल काही खरा नाही.” यांना रीलमध्ये जे दिसतं तेवढंच कळतं. रोल ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांचा. बोटीबाहेर पडलं की गारठून मरण, आणि बहुतेकांना पोहताही येत नसे. ज्याला बाहेर पडायची सोय नाही त्याचं हे तंत्र. आणि पोराकडे ती सोय भरपूर आहे.

मी त्याला विचारलं, “बाबांची होडी उलटली तर ते सोडून पोहत येतील काय रे?”

“ती होडी आमची आहे, सर. ही प्लॅस्टिकची दहा मिळतील. जीव वाचला ना?”

यावर तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. त्याचा जीव वाचला हे खरंच आहे. पण उद्या शेजारच्या बोटीतलं गिऱ्हाईक उलटलं, तर हा बोटीशिवाय कुणाला नाक देणार? आणि बाई तरी, गिऱ्हाइकासमोर स्वतःच उलटल्या आणि जवळ दुसरी बोट नसली, तर थापा मारून किती वेळ थांबणार?

साहेबांच्या फॉर्मवर एकच रकाना आहे: रोल होतो, होत नाही. मी दोघांपुढे ‘होतो’ लिहिलं आणि समासात, चुकल्यावर कोणी काय केलं ते. साहेबांनी फोन करून विचारलं, समासातलं टाइप करायचं का. पोराला मात्र कळवलंय, रविवारी पट्टीचा गॉगल घालूनच पाण्यात उतरायचं. “बघतो,” म्हणालाय.