माशाच्या ममीत धुण्याच्या सोड्याने खाल्लेले नऊ दिवस

ममीच्या घरगुती प्रयोगाची कुठलीही कृती उघडा, त्यात एक ओळ हमखास सापडते: धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि मीठ एकत्र करा. त्या ओळीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. कुठल्या प्रकारचा धुण्याचा सोडा, एवढंच लिहायचं राहून जातं आणि सगळं काम नेमकं तिथेच नासतं.

मासा साफ करण्यात काही अडलं नाही. पोट चिरून आतला सगळा ऐवज काढला, कल्ले मुळापासून कापले, कण्यालगतची रक्ताची काळपट रेघ चमच्याने खरवडली. आधी पाण्याने धुतलं, मग अल्कोहोलने. (इजिप्तमध्ये इथे खजुरीची दारू वापरत.) कोरडा पुसून वजन केलं, 360 ग्रॅम.

दोन भाग धुण्याचा सोडा, दोन भाग खाण्याचा सोडा, एक भाग मीठ असं मिश्रण केलं. इजिप्तमध्ये ममी सुकवायला वापरत त्या, वादी नत्रूनच्या तळ्यांकाठी साठणाऱ्या नॅट्रॉनमध्येही मुख्यतः हेच तीन क्षार, सोबत थोडं सोडियम सल्फेट. माशाच्या दहापट, म्हणजे 3.6 किलो घेतलं. पोटात गच्च भरलं, खालीवर चार-चार बोटं थर दिला.

चौथ्या दिवशी उकरलं तर तळाशी चिखल. वजन 351. नुसता टांगून ठेवला असता तरी याहून जास्त सुकला असता! कातडी साबण चोळल्यासारखी बुळबुळीत झालेली, शेपटीजवळचं मांस दाबलं की जेलीसारखं हलत होतं, आणि वासाबद्दल न बोललेलंच बरं. मिश्रण कमी पडलं असावं अशी समजूत करून घेऊन त्याच पाकिटातलं ताजं मिश्रण पुन्हा भरलं. आणखी पाच दिवस गेले. नवव्या दिवशी बोट कुठेही लावलं तरी आत जायला लागलं. मासा फेकला.

दोष धुण्याच्या सोड्याच्या खड्यांचा. काचेसारखे चमकणारे ते खडे म्हणजे नुसता सोडा नव्हेच. सोडियम कार्बोनेटच्या एका रेणूमागे पाण्याचे दहा रेणू त्यात आधीच अडकलेले असतात. हिशेब केला तर एक किलो खड्यांत 630 ग्रॅम पाणी! ज्याचं पोट आधीच पाण्याने भरलंय, तो माशाचं पाणी काय ओढणार? वर हवा 32-34 अंशांपर्यंत तापली की हे खडे आपल्याच पाण्यात विरघळतात. म्हणजे मासा सुकत नव्हता, अल्कलीच्या पाण्यात भिजत होता. ओल्या अल्कलीत प्रथिनं फुगून मांसाची जेली होते आणि चरबीचा साबण. वासाचं कारणही तेच. माशाच्या वासाला कारणीभूत असलेली अमाइन्स अल्कलीत मोकळी होऊन हवेत सुटतात. लिंबू बरोबर उलटं करतं, त्यांना बांधून ठेवतं.

नॅट्रॉन कोरडं वापरत की पाण्यात कालवून, यावर अभ्यासकांमध्येही बराच काळ वाद होता. आल्फ्रेड लुकास या रसायनतज्ज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले आणि कोरड्या नॅट्रॉनच्या बाजूने कौल दिला. खड्यांचं पाकीट आणून मी नकळत हरलेल्या बाजूला जाऊन बसलो होतो.

उपाय सोपा आहे, फक्त वेळ खातो. खडे तापवून सुकवण्याच्या भानगडीत पडू नका. ते आधी वितळतात, मग उसळतात आणि शेवटी भांड्याला दगडासारखे चिकटतात. त्याऐवजी खाण्याचा सोडा भाजा. स्टीलच्या ट्रेमध्ये दीड सेंटीमीटर थर, 200 अंश, दोन तास, मधे दोनदा ढवळायचं. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मागे निर्जल सोडियम कार्बोनेट, म्हणजे पाणी न अडकलेला धुण्याचा सोडा, उरतो. पूर्ण भाजलं गेलं की नाही ते वजन सांगतं: एक किलोचा 630 ग्रॅमच्या आसपास झाला पाहिजे. (इथेही 630, निव्वळ योगायोग.) 700 वर अडकला असेल तर ट्रे परत आत. ॲल्युमिनियमचा ट्रे मात्र चालत नाही, सोडा तो खातो. भाजलेली पूड नाकातोंडात गेली की झोंबते. मास्क, चष्मा आणि हातमोजे हवेतच.

दुसरा मासा 348 ग्रॅमचा. चौथ्या दिवशी 241. मिश्रणाचं माशाभोवती टणक कवच झालं होतं, ते फोडून सगळं बदललं. ही पहिली बदली टाळायची नाही, कारण चाळीस टक्क्यांहून जास्त पाणी सुरुवातीलाच बाहेर येतं. पोटात मिश्रण सुटं भरण्यापेक्षा कापडाच्या छोट्या पुरचुंड्या करून भरलं तर बदलताना खरवडत बसावं लागत नाही. तुतानखामेनच्या ममीकामाचं उरलेलं सामान 1907 मध्ये सापडलं, त्यातही नॅट्रॉनच्या पिशव्या होत्या. बाराव्या दिवशी 148, तिसाव्या दिवशी 101. शेवटचे तीन दिवस काटा 97 वरून हलेना, तेव्हा 38व्या दिवशी थांबलो. दिवस मोजू नका, वजन बघा.

हो, डब्याला घट्ट झाकण नको. माशा बसू नयेत म्हणून नुसतं कापड बांधायचं. आणि बाहेर काढल्यावर मासा पाण्याने धुवायचा नाही, कोरड्या ब्रशने झटकायचा. राळ किंवा मेण वजन स्थिरावल्यावरच लावावं. आधी लावलं तर ओल आत कोंडते आणि आतून बुरशी धरते.

पट्ट्या सुती, तीन सेंटीमीटर रुंद, डोक्याकडून शेपटीकडे गुंडाळल्या. एवढ्यात शेपटीचा पर कटकन मोडला. काडीचा आधार देऊन तो जागेवर बांधला आणि वरून आणखी एक पट्टी फिरवली. खऱ्या ममींच्या एक्स-रेमध्येही पट्ट्यांखाली अशा काड्या सापडतात.