पुण्यात घडलेला ओल्डहॅम

फेब्रुवारी सरत आला की सिंगापूरच्या आमच्या घरात दुहेरी लगबग असायची. २७ तारखेच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी मंडळात मुलांच्या कवितांच्या तालमी चालायच्या आणि लगेच १ मार्चला मुलाच्या शाळेचा, अँग्लो-चायनीज स्कूलचा (एसीएस), स्थापना दिन. इस्त्रीच्या टेबलावर एकीकडे कुर्ता, दुसरीकडे शाळेचा गणवेश. मुलगा एका खोलीत कुसुमाग्रजांची कविता घोकायचा आणि मध्येच शाळेच्या गीतावर उडी मारायचा. त्या गीताच्या सुरुवातीलाच शाळेचा संस्थापक ओल्डहॅम याचं नाव आहे. ते नाव आमच्या घरात आलं ते असं.

मला त्या दिवसातली सगळ्यांत आवडायची ती माजी विद्यार्थ्यांची रांग. ऐंशीच्या पुढचे आजोबा लाल-निळा-सोनेरी पट्ट्यांचा टाय नीट बांधून यायचे. कुणाच्या हातात काठी, कुणाला नातू धरून आणायचा. आधी आभाराची उपासना व्हायची. आम्ही काही ख्रिस्ती नाही, पण त्या प्रार्थनेला मीही हात जोडून उभी राहायचे. मग गीत सुरू झालं की आतापर्यंत खुर्चीत वाकून बसलेले हे आजोबा ताठ उभे राहात आणि सात-आठ वर्षांच्या मुलांपेक्षा मोठ्यानं गात. त्यांना हातात कागद लागत नसे. नंतर करी पफ, बी हून म्हणजे तांदळाच्या शेवया, कडक चहा, आणि कोण कुठल्या साली कुठल्या वर्गात होता याची न संपणारी चौकशी.

एका वर्षी चहाच्या वेळी अशाच एका अंकलनी विचारलं, तुम्ही भारतातून कुठल्या? पुणे म्हटल्यावर ते म्हणाले, "मग आमचा संस्थापक तुमच्याच गावचा म्हणायचा!" मी चकित झाले. घरी येऊन मिळेल ते वाचून काढलं आणि तेव्हापासून १ मार्च मला परक्या शाळेचा सण वाटेनासा झाला.

विल्यम फिट्झजेम्स ओल्डहॅम जन्मला बंगळूरमध्ये, १८५४ साली. वडील इंग्रजांच्या भारतीय फौजेत होते. शिक्षण मद्रासला झालं आणि पुढे त्याला सरकारी सर्वेक्षण खात्यात नोकरी मिळाली. जमीन मोजणारा हा तरुण पुण्यात आला तो काळ मोठ्या धार्मिक खळबळीचा होता. मेथॉडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचा अमेरिकन प्रचारक विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत प्रवचनं देऊ लागला होता आणि त्याच्या प्रवचनांमधून मुंबई-पुण्याकडे इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मेथॉडिस्ट मंडळ्या उभ्या राहात होत्या. पुण्यातल्या अशाच एका सभेला ओल्डहॅम गेला आणि त्याचं आयुष्यच पालटलं. लग्नही पुण्याच्याच मेरी मलिगनशी झालं. पुढे नोकरी सोडून तो अमेरिकेत शिकायला गेला. मेरीही तिकडे माउंट होलिओकला शिकली. त्या काळात पुण्याची एक मुलगी समुद्र ओलांडून कॉलेजात जाते, याचं मला तिच्या नवऱ्याच्या कर्तृत्वाइतकंच अप्रूप वाटतं. स्थापना दिनाच्या भाषणांत तिचं नाव आणखी घेतलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

पाळकाची दीक्षा घेऊन परतल्यावर त्याच्या वाट्याला आलं सिंगापूर. ७ फेब्रुवारी १८८५ रोजी जेम्स थोबर्न या मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाबरोबर ओल्डहॅम तिथे उतरला. टाउन हॉलमध्ये सभा सुरू झाल्या आणि छोटीशी मंडळी जमली. पण शाळा निघाली ती वेगळ्याच वाटेनं. चिनी व्यापाऱ्यांच्या एका वादविवाद मंडळात ओल्डहॅमनं खगोलशास्त्रावर व्याख्यान दिलं. ते ऐकून तान किओंग साइक या व्यापाऱ्यानं त्याला इंग्रजी शिकवायला बोलावलं. त्या ओळखीतून चिनी व्यापाऱ्यांचा विश्वास बसला आणि १ मार्च १८८६ ला ७० अमॉय स्ट्रीटवरच्या एका दुकानघरात १३ मुलांची शाळा सुरू झाली. सकाळी चिनी, दुपारी इंग्रजी. ग्रह-ताऱ्यांवर बोलायला गेलेल्या धर्मोपदेशकाला मुलांचे आईबाप भेटले, हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो. ऐकणाऱ्याला काय हवंय ते आधी बघायचं, हे त्याला उमगलेलं होतं.

आजारपणामुळे १८८९ मध्ये त्याला सिंगापूर सोडावं लागलं. १९०४ मध्ये तो बिशप होऊन पुन्हा या भागात आला, त्यानंतर दक्षिण अमेरिकेतही काम केलं आणि १९३७ मध्ये वारला. शाळेच्या वसतिगृहाला ओल्डहॅम हॉल असं नाव आहे. एसीएसचे जुने विद्यार्थी जगात अनेक ठिकाणी मार्चच्या सुमारास एकत्र जेवतात.

शाळेच्या बोधचिन्हातल्या प्राण्याला गरुड, सिंह आणि ड्रॅगन अशा तिघांची अंगं आहेत. अमेरिका, ब्रिटिश सिंगापूर आणि चीन यांच्या त्या खुणा. गीतातही ओल्डहॅम पश्चिमेच्या किनाऱ्यावरून आला असं आहे. माझ्या मनात त्या पश्चिमेत हिंदुस्थान येतोच. नकाशात बघा, सिंगापूरहून पुणे पश्चिमेलाच आहे! बंगळूरचा जन्म, मद्रासची शाळा, पुण्याची सभा आणि पुण्याची बायको, हे सगळं घेऊन तो माणूस बोटीतून उतरला होता. मुलाला मी हे पुन्हा पुन्हा सांगितलं. सिंगापूरच्या शाळेत त्याला मातृभाषेच्या तासाला मराठी घेता येत नव्हती, हिंदी घ्यावी लागली. अशा मुलाला शाळेच्या मुळाशी आपलं गाव सापडलं तर त्याची छाती किती फुगते, ते मी बघितलंय.

ते अंकल नंतर दरवर्षी मला शोधत यायचे. एकदा त्यांनी मला त्यांच्या वर्गमित्रांच्या घोळक्यातच नेऊन बसवलं आणि म्हणाले, "हिला विचारा, ही पुण्याची आहे." मग बी हूनच्या बशा हातात घेऊन ते सगळे पुण्याबद्दल विचारत बसले. कॅम्प कुठे, छावणी किती मोठी होती, मुंबईहून तेव्हा आगगाडी होती का, घाट कसा चढायची? आगगाडी होती, बोर घाटातून १८६३ पासूनच. एवढं मला नक्की माहीत होतं, आणि ते मी अगदी सविस्तर सांगितलं.