जोहोर बारूचा फ्लॅट आणि ‘पाच मिनिटांत सिंगापूर’: तीन दिवस रोज ये-जा करून पाहिलं

निकाल आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. तुमचा पासपोर्ट भारतीय आहे आणि नोकरी सिंगापुरात आहे, तर दोन्ही देशांना जोडणाऱ्या नव्या रेल्वेच्या भरवशावर सीमेपलीकडच्या, मलेशियातल्या जोहोर बारूत घर विकत घेऊ नका. भाड्याने घ्यायचं मनात असेल तर आधी कामाच्या दिवशी, पहाटे, स्वतः जाऊन पाहा. रविवारी बघायला जाऊ नका. आम्ही तीच चूक केली.

मी डोंबिवलीत वाढलो. बदलापूर-नेरळकडच्या इमारतींच्या पाट्यांवर ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ वाचतच मोठा झालो. ती पाच मिनिटं कोणाची आणि कशाने मोजलेली असतात हे मला कळायला हवं होतं. पण डिसेंबरात आमच्या सिंगापूरच्या घराचा करार संपत आला आणि मालकाने भाडं वाढवलं. एजंटने पाठवलेल्या पत्रकात तरणतलाव, दोन बेडरूम आणि मोठ्या अक्षरांत ‘सिंगापूर ५ मिनिटं’ असं होतं. आम्ही दोघं रविवारी दुपारी जाऊन आलो. रस्ते मोकळे, जेवण स्वस्त, फ्लॅट सुरेख. त्या दिवसाबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही. तरी बायको म्हणाली, “अरे, पैसे भरायच्या आधी तीन दिवस राहून ऑफिसला जाऊन तर बघ.” म्हणून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्याच इमारतीत चार रात्रींसाठी एक फ्लॅट घेतला आणि मंगळवार ते गुरुवार ऑफिस केलं.

पत्रकातली पाच मिनिटं खोटी नाहीत, म्हणूनच ती जास्त फसवतात. आरटीएस लिंक ही जोहोर बारूतल्या बुकित चागरपासून सिंगापूरच्या वुडलँड्स नॉर्थपर्यंतची सुमारे ४ किलोमीटरची रेल्वे. गाडीला खरोखरच पाचेक मिनिटं लागणार आहेत. सामुद्रधुनीवरचा पूल २५ मीटर उंच आहे, त्याचे दोन्ही बाजूंचे भाग जानेवारी २०२४ मध्ये जोडले गेले. एका दिशेने तासाला १०,००० प्रवासी नेण्याची क्षमता आहे. सुरू करण्याचं उद्दिष्ट २०२६ च्या अखेरचं. सगळ्यात मोलाची सोय म्हणजे दोन्ही देशांचं इमिग्रेशन निघतानाच, एकाच इमारतीत होईल. उतरलात की थेट बाहेर. रोजच्या प्रवाशासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती का मोठी आहे हे मला मंगळवारी कळलं.

मंगळवारी बसने गेलो. पहाटे ५.१० ला फ्लॅटमधून निघालो. इमारत बुकित चागरपासून ११ किलोमीटरवर, त्यामुळे ग्रॅबने (अ‍ॅपवरून बोलवायची टॅक्सी) सीआयक्यूला पोचायला २५ मिनिटं. सीआयक्यू म्हणजे मलेशियाच्या बाजूची सीमाशुल्क-इमिग्रेशनची इमारत. तिथे सगळे याच नावाने ओळखतात. दिवस उजाडायचा होता आणि आत हजारो माणसं होती. कॉजवेवरून, म्हणजे दोन देशांना जोडणाऱ्या बांधावरून, रोज तीन लाखांहून जास्त लोक ये-जा करतात हा आकडा मी कितीदा वाचला होता. पण पहाटे साडेपाचला, पाठीवर सॅक, हातात डबा, एक शब्द न बोलता झपाझप चालणारी ती माणसं पाहिली आणि मला सकाळची सहा वीसची लोकल आठवली. फरक इतकाच की इथे पासपोर्ट काढावा लागतो. मलेशियन नागरिक स्वयंचलित गेटमधून भराभर जात होते. मी काउंटरच्या रांगेत. शिक्का पडेपर्यंत ६.०५.

आता तो टप्पा, ज्याबद्दल मला कोणीच सांगितलं नव्हतं. शिक्का मिळाला म्हणजे सुटलो असं वाटतं. तसं नाही. सरकत्या जिन्याने खाली उतरा, बस क्रमांकाची रांग शोधा. क्रांजी मेट्रो स्टेशनला जाणाऱ्यांनी १७०एक्स किंवा पिवळी सीडब्ल्यू१, वुडलँड्सला जाणाऱ्यांनी ९५०. चुकीच्या रांगेत उभे राहिलात तर वीस मिनिटं गेली. बस मिळाली ६.३० ला. कॉजवे जेमतेम एक किलोमीटरचा. त्याला पार करायला बसला अर्धा तास लागला. मग वुडलँड्स चेकपॉइंटला सगळ्यांना उतरवतात. सामानासकट वर चढा, सिंगापूरचं इमिग्रेशन करा, पुन्हा खाली या आणि त्याच क्रमांकाच्या बसच्या रांगेत पुन्हा उभे राहा. तुम्ही ज्या बसने आलात ती केव्हाच गेलेली असते. मी सिंगापूरचा पीआर (कायमचा रहिवासी) असल्याने इथलं गेट पाच-सात मिनिटांत झालं, पण खालच्या रांगेत २५ मिनिटं गेली. माझ्या पुढे कारखान्याच्या गणवेशातली एक मुलगी उभ्या उभ्या झोपत होती, रांग सरकली की डोळे न उघडता एक पाऊल पुढे टाकायची. क्रांजीहून मेट्रोने रॅफल्स प्लेस. ऑफिसच्या खुर्चीत बसलो तेव्हा ८.५० झाले होते. तीन तास चाळीस मिनिटं. सीमेचा भाग सरळ रेषेत जेमतेम दोन किलोमीटरचा, आणि त्यातच दोन तास गेले.

बसवाल्यांसाठी दोन सूचना. बस कार्डने घेतली असेल तर पुढच्या बसलाही तेच कार्ड लावा, आणि रोख तिकीट असेल तर ते शेवटपर्यंत जपा. दुसरी, कॉजवेवर बस तुंबली की काही जण उतरून चालत जातात. तुम्ही जाऊ नका. तिथे चालणाऱ्यांसाठी नीट पदपथ नाही आणि मोटारसायकली अंगावरून जातात.

बुधवारी शटल तेब्राऊ. ही जेबी (जोहोर बारू) सेंट्रल ते वुडलँड्स अशी जुन्या रुळांवरची गाडी, १ जुलै २०१५ पासून चालणारी. प्रवास पाचच मिनिटांचा. जेबीहून ५ रिंगिट (मलेशियाचं चलन), उलट दिशेने ५ सिंगापूर डॉलर, म्हणजे परतीचा प्रवास तिपटीहून महाग पडतो. हिशेब करताना हे धरा. तिकीट ऑनलाइन, पासपोर्ट क्रमांक घालून. सकाळच्या आणि शनिवार-रविवारच्या गाड्या फार आधी भरतात; मी तीन आठवडे आधी ६.३० ची एकच जागा कशीबशी मिळवली होती. किमान अर्धा तास आधी पोचा, गाडी सुटायच्या आधीच गेट बंद होतं.

धो धो पाऊस होता. गाडी कॉजवेवर आली, खिडकीला लागूनच रस्ता, रस्त्यावर बस आणि मोटारसायकलींची न हलणारी रांग, पाठीवर निळे-पिवळे रेनकोट. आणि आपण त्यांच्या शेजारून पुढे जातोय. कालचं सगळं आठवून मला अक्षरशः भरून आलं. १९२३ साली या बांधावरून आधी रेल्वेच गेली होती, हेही तेव्हा आठवलं. ६.३५ ला पलीकडे, ८.०५ ला ऑफिसात. त्या दिवशी दुपारी मी बायकोला फोन करून “घेऊया घर” म्हणालो होतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण एका चांगल्या सकाळनंतर कोणीही असंच म्हणेल. पण शटलच्या एका गाडीत तीनशेच्या आसपासच माणसं बसतात, रोज जागा मिळण्याची खात्री नाही, आणि नवी रेल्वे सुरू झाली की सहा महिन्यांच्या आत ही सेवा बंद होणार आहे. तिच्यावर घराचा निर्णय घेता येत नाही.

त्याच दुपारी ऑफिसातल्या अक्काशी बोललो. ती जोहोरची तमिळ, मसाईला राहते, अकरा वर्षं रोज सीमा ओलांडते. पावणेचारला उठते. नव्या रेल्वेची ती मनापासून वाट पाहतेय. तिचे रोजचे दीड-दोन तास वाचतील. पण ती म्हणाली, “गाडी पाच मिनिटांची रे, पण गाडीपर्यंत यायलाच मला पन्नास मिनिटं लागतात. ती कोण कमी करणार?”

मी बसून हिशेब केला. बुकित चागरला चालत जाता येईल असं घर असेल, तर नवी रेल्वे आणि वुडलँड्स नॉर्थहून थॉमसन-ईस्ट कोस्ट मार्गाची मेट्रो धरून शहरात सव्वा ते दीड तासात पोचता येईल. आमच्या ११ किलोमीटरवरच्या इमारतीतून सकाळच्या गर्दीत दोन तासांच्या खाली येणं कठीण. आणि जोहोर बारूत स्टेशनपर्यंत आणून सोडणारी मेट्रो नाही; ग्रॅब, बस किंवा स्वतःची गाडी. म्हणजे रेल्वेमुळे खरी किंमत वाढायला हवी ती स्टेशनच्या एक किलोमीटरच्या घेरातल्या घरांची. पण जाहिरातीत तोच शब्द वीस-वीस किलोमीटरवरच्या घरांनाही लावलाय. एजंटला विचारा: “बुकित चागरला चालत किती मिनिटं?” उत्तर मोटारीच्या मिनिटांत आलं तर तिथून उठा.

गुरुवारी रात्रीचं सांगतो. काम संपायला उशीर झाला, बसने परत आलो, सीआयक्यूच्या बाहेर पडलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि फोन बंद पडला होता. बाहेर उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्याने फ्लॅटपर्यंतचे ६० रिंगिट मागितले. त्याच रस्त्याला मी सकाळी १५ ते १८ देत होतो. घासाघीस करून ५० ला गेलो. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे की त्याने गाडीत बसल्यावर शांतपणे विचारलं, “सिंगापूरला काम करता ना?” पॉवर बँक ठेवा, मलेशियाचं ई-सिम आधीच टाका, आणि टॅक्सी रांगेकडे न जाता आत बसूनच ग्रॅब बोलवा. रात्री दहानंतर भाडं आधी ठरवल्याशिवाय गाडीत पाय ठेवू नका.

आणि त्याच रात्री, मलेशियाच्या इमिग्रेशन काउंटरवर ज्या गोष्टीने आमचा निर्णय झाला ती घडली. तीन दिवसांतली माझी तिसरी एंट्री होती. अधिकाऱ्याने पानं उलटली आणि अगदी सभ्यपणे विचारलं, “इथे राहता का?” मी “नाही, भेटीला” म्हणालो आणि त्या क्षणी मला कळलं की मी जे विकत घ्यायला निघालो होतो ते घर नव्हतं. भारतीय पासपोर्टवर मलेशियात ३० दिवस व्हिसाशिवाय जाता येतं, पण ते भेटीसाठी. त्यावर रोज ये-जा करून राहता येत नाही. त्यासाठी मलेशियाचा दीर्घ मुदतीचा पास हवा. अक्का आणि तिच्यासारखे लाखो लोक जे करतात ते करू शकतात, कारण ते मलेशियाचे नागरिक आहेत. मला हे एजंटने एकदाही सांगितलं नाही. तीन भेटींत नाही. मीही विचारलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रत्येक एंट्रीला मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं, १ जानेवारी २०२४ पासून, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. सिंगापूरच्या पीआरनाही. रोज परतायचं तर रोज भरा. ते फुकट आहे; त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं दिसली तर बंद करा.

विकत घेण्याबद्दल. परदेशी माणसाला जोहोर राज्यात साधारणपणे १० लाख रिंगिटच्या खालचं घर घेता येत नाही, म्हणजे आपल्या दोन कोटींहून जास्त. पत्रकातल्या स्वस्त किमती आपल्यासाठी नाहीतच. घर नावावर करताना परदेशी खरेदीदाराला मुद्रांक शुल्क ४ टक्के होतं, ते १ जानेवारी २०२६ पासून निवासी घरांवर ८ टक्के झालंय. १० लाखांच्या घरावर ८० हजार रिंगिट. शिवाय राज्याच्या परवानगीचं शुल्क वेगळं. पाच वर्षांच्या आत विकलं तर नफ्यावर ३० टक्के कर, त्यानंतर १० टक्के. ‘रेल्वे आली की दोन वर्षांत विकून मोकळे व्हा’ असं कोणी सांगितलं तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवा.

या भागात रेल्वेच्या नावाने घरं आधीही विकली गेली आहेत. क्वालालंपूर-सिंगापूर द्रुतगती रेल्वेचा करार २०१६ मध्ये झाला, जोहोरमधल्या इस्कंदर पुतेरीला थांबा ठरला, भोवतीच्या जमिनीची जाहिरात सुरू झाली. २०२० संपताना करार मोडला आणि मलेशियाने सिंगापूरला १० कोटी सिंगापूर डॉलरहून जास्त भरपाई दिली. घरं घेतलेल्यांना कोणी भरपाई दिली नाही. आरटीएसची गोष्ट वेगळी आहे, पूल उभा आहे, तो डोळ्यांनी दिसतो. पण त्या पुलाचा फायदा ज्यांना सीमा रोज ओलांडायचा हक्क आहे त्यांना आधी होणार.

बघायला जायचंच असेल तर मंगळवार किंवा बुधवार धरा. सिंगापूरच्या शाळांच्या सुट्ट्या आणि जोडून आलेल्या रजा टाळा. १ जानेवारी २०२५ पासून जोहोरचीही साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झालीय, आधी शुक्रवार-शनिवार होती; त्यामुळे शुक्रवार संध्याकाळ आता दोन्हीकडची एकत्र येते. पासपोर्टमध्ये कोरी पानं आहेत का पाहून घ्या, माझं तीन दिवसांत दीड पान भरलं. पाण्याची बाटली, छत्री, आणि सीआयक्यूत शिरायच्या आधी वॉशरूमला जाऊन या.

आम्ही सिंगापूरच्या घराचा करार वाढीव भाड्याने आणखी दोन वर्षांसाठी केला. एजंटला फोन करून नाही सांगितलं. तो म्हणाला, रेल्वे सुरू झाल्यावर हाच फ्लॅट मिळणार नाही. बुकित चागरची पहिली गाडी सुटेल त्या दिवशी मी आणि बायको तिकीट काढून जाणार आहोत, दुपारचं जेवून परत येणार आहोत. अक्कालाही बरोबर यायला सांगितलंय, पण ती म्हणते, त्या दिवशी मी झोपणार.