लाळग्रंथीची सुई: नुसतं पाणी आलं तर

गुरुवार, रात्री

‘कानाखाली गाठ, एफएनएसी करावी’ एवढीच चिठ्ठी येते. एफएनएसी म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं. ती गाठ लाळग्रंथीचीच आहे का, हे मात्र सुई उचलण्याआधी हातानेच ठरवायचं. दात आवळायला सांगितले की चावण्याचा स्नायू टणक होतो. काही ‘गाठी’ तिथेच निकालात निघतात. जबड्याखाली सूज असेल तर ग्लोव्हमधलं एक बोट तोंडात, दुसरा हात बाहेरून. ग्रंथी दोन्हीकडून लागते, नळीतला खडाही कधी कधी तिथेच सापडतो. गालगुंडाचा ताप अंगात असेल तर सुई नकोच.

‘तोंड वाकडं होईल का हो?’ हा प्रश्न ठरलेला. बारीक सुईने तसं होणं फारच विरळ. पण आधीपासूनच ओठ एका बाजूला ओढला गेला असेल, तर ते कागदावर यायलाच हवं. चेहऱ्याची नस गाठीने धरली असेल तर कर्करोगाची शंका दाट होते.

सुई 23 किंवा 25 गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप). पहिल्या खेपेला सिरिंज न लावता नुसती सुई आत-बाहेर फिरवावी, रक्त कमी येतं. माल, म्हणजे सुईत आलेल्या पेशी, पुरेसा नसेल तरच सिरिंज लावून दट्ट्या ओढायचा, आणि सुई बाहेर काढण्याआधी तो सोडायचा. हे विसरलं की सगळा माल सिरिंजमध्ये जातो आणि स्लाइडवर काही उरत नाही. सोनोग्राफीनंतरची जेली नीट पुसलेली नसेल तर तिचे जांभळे कण गिम्सात (पेशी रंगवायच्या एका रंगात) उतरतात आणि उगाच घोळ होतो.

काही स्लाइड हवेत वाळवायच्या, गिम्सासाठी. काही ओल्या असतानाच 95 टक्के अल्कोहोलमध्ये, पॅप या दुसऱ्या रंगासाठी. इथे काही सेकंदांचा उशीरही नडतो: केंद्रकं फुगतात, त्यांचा बारकावा जातो. दोन्ही रंग हवेतच. प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा या सौम्य गाठीचा तंतुमय गुलाबी-जांभळा गर गिम्सात झळकतो, तर पेशींची केंद्रकं पॅपमध्ये चांगली वाचता येतात. त्याच गुलाबी रंगाचे, पण गुळगुळीत कडांचे गोळे आणि भोवती लहान गडद पेशी दिसल्या तर ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा कर्करोग डोक्यात ठेवूनच पुढे बघायचं. दोन्हींत गफलत होते, आणि ती महागात पडते.

खरी फसगत पाण्याने होते. सुईतून पातळ द्रव आला, गाठ बसली, पेशंट खूश. विडी-सिगारेट ओढणाऱ्या वयस्क माणसाच्या कानाखाली मळकट तपकिरी द्रव आला, तर तो बहुधा वॉर्थिन ट्यूमर, एक सौम्य गाठ. त्यात लसिकापेशी आणि दाणेदार गुलाबी पेशींचे पुंजके शोधावेत. पण कमी आक्रमक (लो-ग्रेड) म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा हा कर्करोगही असाच पाणी देतो, आणि त्यात पेशी जेमतेम असतात. म्हणून द्रव सेंट्रिफ्यूज करून तळाचा गाळ पसरायचा, आणि उरलेल्या टणक भागात सुई पुन्हा घालायची, जमल्यास सोनोग्राफीखाली.

तरीही पेशी मिळाल्या नाहीत तर ‘सौम्य गाठ’ असं लिहायचा मोह होतो. लाळग्रंथीच्या सुईचे अहवाल लिहायच्या 2018 च्या मिलान पद्धतीने तो बराच आवरला. नुसता सिस्टमधला (पाण्याच्या पिशवीतला) द्रव असेल तर ‘निदानास अपुरा’. त्यात श्लेष्मा (बुळबुळीत स्राव) दिसला आणि पेशी नसल्या, तर ‘अनिश्चित स्वरूपाची विकृती’. हे दोन शेरे वेगळे ठेवायचे, आणि दुसऱ्याखाली ‘म्युकोएपिडर्मॉइड नाकारता येत नाही’ हे सर्जनला वाचता येईल असं लिहायचं.