थामेलमधनं स्वस्तात मोठी सॅक कशी घेतली: माझा अनुभव

नेपाळमधल्या अन्नपूर्णा बेस कॅम्पला ट्रेकला जायचं ठरलं तेव्हाच मोठी सॅक काठमांडूतच घ्यायची हे पण ठरवून टाकलं होतं. इकडं चांगल्या कंपनीची ६० लिटरची सॅक बघायला गेलं की किंमत वाचूनच पोटात गोळा येतो, आणि आपल्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत नाहीतर महाद्वार रोडला ज्या बॅगा मिळतात त्या लग्नाला जायला ठीक, पाठीवर चढवून ४१३० मीटरवर न्यायच्या कामाच्या नाहीत. घरात नवऱ्याची एक ४० लिटरची सॅक आहे, पन्हाळा-पावनखिंडीला ती बास होते, पण तिच्यात स्लीपिंग बॅग आणि जाड जॅकेट कोंबलं की विषय संपला, कपडे काय हातात धरून जायचं?

सोबतीला माझ्या थोरल्या वन्सं होत्या. वय ५८, रोज पहाटे रंकाळ्याला चक्कर मारणार, आणि भाव करायला बसल्या की समोरच्यानं पाणी मागावं अशा. दसरा चौकात सोनं लुटून झाल्याशिवाय त्या कोल्हापूर सोडणार नव्हत्या त्यामुळं आम्ही दसरा करून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई आणि तिथनं पुढं विमान असं केलं. तिकडं त्यांचं दसाईं, म्हणजे त्यांचा दसरा, दसऱ्याला संपत नाही, पार कोजागिरीपर्यंत चालतं, लोक आपापल्या गावी गेलेले असतात, त्यामुळं काठमांडू निम्मं बंद. थामेल, म्हणजे काठमांडूतला हॉटेलं आणि ट्रेकिंगच्या दुकानांचा भाग, तेवढं टुरिस्ट लोकांवर चालतं म्हणून उघडं होतं.

जायच्या आधी घरी एक काम करून ठेवलं होतं ते लय उपयोगी पडलं. पाठीचं माप. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं ना, तिथनं खाली कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत शिवणकामाच्या टेपनं मोजायचं, माझं ४३ सेंटिमीटर भरलं. उंचीवरनं सॅक घेऊ नका, उंच माणसाची पाठ आखूड असू शकते आणि उलटंही. सॅकचं बहुतेक वजन कमरेच्या पट्ट्यानं उचलायचं असतं, खांद्यानं नाही, आणि पाठीचं माप चुकलं की तो पट्टा एकतर पोटावर येतो नाहीतर खाली घसरतो आणि मग सगळा भार खांद्यावर.

पैशाचं पण सांगते. तिकडं भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०, हा दर ठरलेला आहे, रोज बदलत नाही, त्यामुळं हिशेब सोपा. फक्त दुकानात भाव ऐकला की पहिलं विचारायचं "आयसी की एनसी?", म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी, कारण काही दुकानदार नुसतं "चार हजार" म्हणून गप्प बसतात आणि तुम्ही कुठले ते बघून पुढचं ठरवतात. मोठ्या भारतीय नोटांची तिकडं २०१८ पासनं भानगड आहे, नियम बदलत असतात, आम्ही सरळ शंभराच्याच नोटा नेल्या आणि थोडे तिथं बदलून घेतले.

थामेलमध्ये शिरलात की गल्लीच्या दोन्ही बाजूला सॅकच सॅक लटकलेल्या. नॉर्थ फेस, ऑस्प्रे, डॉइटर, सगळ्या मोठ्या कंपन्यांची नावं, आणि बहुतेक माल कॉपी हे तिथलं शेंबडं पोरगं पण सांगेल. असली माल पाहिजे तर त्रिदेवी मार्गाच्या बाजूला शोरूम आहेत पण तिथला भाव म्हणजे इकडच्यासारखाच, मग इथवर येऊन काय उपयोग. कॉपी घ्यायची लाज वाटायचं कारण नाही पण मग नावाचे पैसे द्यायचे नाहीत, एवढं डोक्यात पक्कं पाहिजे. पहिल्याच दुकानात पोरगा लोगोवर बोट ठेवून साडेसहा हजार एनसी म्हणाला, त्याच्या शेजारच्या दुकानात तसलीच सॅक दुसऱ्या लोगोची पाच हजार. शिलाई तीच, बकल तेच, मला तर वाटतंय कारखाना पण एकच असणार.

वन्संचं म्हणणं, टुरिस्ट बाजारात कशाला, जिथं तिथली माणसं घेतात तिथं जाऊ. म्हणून आम्ही चालत असनला गेलो. बाजार झकास आहे, मसाले, तांब्याची भांडी, आपल्या कपिलतीर्थ मार्केटची आठवण येते, पण सणामुळं निम्मी शटरं खाली आणि ज्या बॅगा दिसल्या त्या शाळेच्या नाहीतर गावी सामान न्यायच्या. स्वस्त होत्या, पण कमरेला पट्टा म्हणून नुसती एक फीत. ती काय वजन उचलणार, परत थामेल.

दुकानात सॅक टांगलेली असते तेव्हा आत फोम नाहीतर कागद ठासून भरलेला असतो, त्यामुळं ती टुमटुमीत दिसते. ते सगळं बाहेर काढायला लावायचं. मग आतनं उलटी करून बघायची, शिवणीच्या कडेला पट्टी मारलीय का नुसतेच दोरे लोंबतायत. खांद्याचा पट्टा सॅकला जिथं जोडलाय तिथं आडवे दाट टाके पाहिजेत, ते नसले की लगेच खाली ठेवायची. पाठीकडून तळव्यानं दाबायचं, आत ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर हाताला लागते, बऱ्याच सॅकमध्ये नुसती प्लॅस्टिकची शीट असते आणि एका दुकानात तर तीपण नव्हती, पुठ्ठा होता! चेनवर वायकेके (चांगल्या चेनची जपानी कंपनी) लिहिलंय म्हणून भुलू नका, ते पण छापता येतं, चेन कोपऱ्यावरनं चार वेळा ओढून बघायची, अडकली तर तिथंच कळतं. आणि ६५+१० लिटर लिहिलंय त्यावर तर अजिबात जाऊ नका, दुकानातलीच एक स्लीपिंग बॅग मागून आत घालून बघा किती जागा उरते.

बायकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. कॉपी सॅक एकाच मापात येतात आणि ते माप बाप्याचं असतं. कमरेचा पट्टा पूर्ण आवळला तरी दोन-तीन सॅकमध्ये माझ्या कमरेवर तो नुसता फिरत होता. पट्टा घट्ट बसल्यावर सुद्धा ओढायला थोडी फीत शिल्लक राहायला पाहिजे, कारण चढावर चार दिवस गेले की कंबर बारीक होतेच (घरी नाही होत, तिकडं होते).

शेवटी एका बोळातल्या छोट्या दुकानात काम झालं. दुकान एका बाईंचं, कपाळाला दही-तांदळाचा लाल टिळा आणि केसात पिवळसर कोंब खोवलेले. वन्संनी बघितलं आणि म्हणाल्या, "अगं हे आपल्या घटातलंच की!" खरंच तेच, घटस्थापनेला पेरतात, ते जमरा म्हणतात. त्यावरनं दोघींची गट्टी जमली, एक मराठीत एक नेपाळीत, मधेमधे हिंदी. भाव मात्र त्या दुकानवाल्या दिदींनी गट्टीपायी एक रुपया सोडला नाही. पण विचारलं तेव्हा "कॉपी हो" असं तोंडावर सांगितलं आणि वजन भरून बघू का म्हटल्यावर नाही म्हटलं नाही. बाकीचे तिथंच टाळाटाळ करत होते.

वन्सं तडक लॉजवर जाऊन आमचंच सामान घेऊन आल्या. भडंग, शेंगदाण्याचे लाडू, कांदा-लसूण चटणीचा डबा, वर पाण्याच्या एक-एक लिटरच्या बाटल्या, बाटली म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. साधारण १२ किलो भरले. चटणीचा वास दुकानभर, एक गोरा टुरिस्ट आत आला आणि शिंकत बाहेर गेला. ते ओझं घेऊन मी थामेलच्या बोळात पंधरा-वीस मिनिटं फिरले, पायऱ्या चढले-उतरले. कमरेचा पट्टा हाडावर बसला, खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जात होती, आणि खांद्याच्या वरच्या दोन छोट्या पट्ट्या ओढल्या की ओझं खरंच पाठीला चिकटत होतं. बऱ्याच कॉपीत या पट्ट्या नुसत्या शोभेच्या असतात, ओढून काहीच होत नाही.

भाव ५२०० एनसी सांगितला. वन्संनी ३००० ला सुरुवात केली, चहा झाला, दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आल्या, ४००० ला मिटलं, म्हणजे आपले २५००. पावसाचं कव्हर वर फुकट काढलं. तिथनं चार दुकानं पुढं टी-शर्टवर भरतकाम करणारी मशीनं असतात, त्या माणसाकडनं खांद्याच्या जोडावर जाड दोऱ्यानं अजून एक शिलाई मारून घेतली, १५० एनसी, हे पैसे मी परत कधीही देईन.

वन्संनी स्वतःसाठी सॅक विकत घेतलीच नाही, रोज १५० एनसीनं भाड्यानं घेतली, थामेलमध्ये सॅक, स्लीपिंग बॅग, जॅकेट सगळं भाड्यानं मिळतं, डिपॉझिट ठेवावं लागतं. एकदाच जायचं असेल तर त्यांचाच हिशेब बरोबर, दोन आठवड्यांचं भाडं माझ्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास जातं.

ट्रेकमध्ये वरच्या झाकणाची चेन गेली, तिला सेफ्टी पिन लावली. पट्टे आणि शिलाई तशीच आहे. आता वन्संना पुढच्या वर्षी नर्मदा परिक्रमेला जायचंय आणि सॅक पाहिजे माझी. म्हटलं न्या की, पण भाडं रोज १०० पडेल. "आयसी की एनसी?" म्हणाल्या.