साडेचार एकर

फ्रान्समधल्या बोन गावातल्या वाइनच्या तळघरात माझं डोकं फिरलं, ते आधी सांगून टाकते. म्हणजे पुढचं सगळं मी कुठल्या मनःस्थितीत पाहिलं ते कळेल. दुकानदाराने आमचे स्पोर्ट शूज न्याहाळले, चार ग्लासांत चमचा-चमचा ओतलं आणि म्हणाला, "इंडिया? मग तुम्हाला गोडच आवडत असेल." वर त्याचे पैसे घेतले. ताई म्हणाली, जाऊ दे. मी जाऊ देणाऱ्यातली नाही. त्यामुळे १४४३ साली गरिबांसाठी बांधलेलं तिथलं प्रसिद्ध धर्मार्थ रुग्णालय मी फुरंगटूनच पाहिलं. रंगीत कौलांचं छप्पर तेवढं लक्षात आहे. बाकी तीन आठवडे लियाँला ताईकडे भांडी घासली आणि झोपा काढल्या.

दुसऱ्या दिवशी एकटीच निघाले. मला वाइनमधलं काही कळत नाही, पण द्राक्षबागेतलं कळतं. माहेर पिंपळगाव बसवंतचं. बालपण मांडवाखाली गेलं. नानांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची, बाग अजून आहे. जगातली सगळ्यात महागडी बाग, रोमाने-कोंती, इतक्या जवळ असताना ती न बघता परतले असते, तर घरी तोंड काय दाखवलं असतं?

न्वी-सँ-जॉर्जला गाडीतून उतरले आणि धुक्यात चालत व्होन-रोमाने गावाला पोचले. जानेवारीत तिथे चिटपाखरू नसतं. मला तेच हवं होतं. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढे वेल, मांडव नाही, एक पान नाही. सगळीकडे पिनो न्वार ही एकच काळ्या द्राक्षाची जात, तरी या उतारावर जागेनुसार मान ठरतो. खाली हमरस्त्याकडची साधी वाइन, थोडं वर गावाच्या नावाची, आणि मधल्या पट्ट्यात, जिथे चुनखडी आहे आणि पाणी साचत नाही, तिथे सर्वोच्च दर्जाची. आणखी वर गेलात की मान पुन्हा उतरतो, मग जंगल. जवळच्याच सितोच्या मठातल्या साधूंनी मध्ययुगात या तुकड्यांची पारख सुरू केली. एकेका तुकड्याला इथे 'क्लिमा' म्हणतात. २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवलं. आपल्याकडे सातबाऱ्यावरच्या गटांना कोणी वारसा म्हणेल का, असा एक विचार मनात आला. असो.

रोमाने-कोंतीची खूण म्हणजे एक दगडी क्रूस आणि कमरेच्याही खाली येणारी भिंत. ना रखवालदार, ना कुत्रं. एक पाटी आहे. खूप लोक ही जागा पाहायला येतात हे आम्ही समजतो, पण कृपा करून रस्त्यावरच थांबा, बागेत शिरू नका, अशा अर्थाची. बोनच्या त्या दुकानदारापेक्षा ही पाटी जास्त अदबीने बोलली. मी नानांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचे साडेचार वाजले होते आणि बागेत मण्यांत नुकतं पाणी उतरलं होतं, म्हणजे ते मऊ पडू लागले होते.

"नाना, ही बघा. रोमाने-कोंती."

"अगं तेच विचारतोय, कोणती?"

"कोंती! १७६० साली कोंतीच्या राजपुत्राने घेतली होती ना, म्हणून."

"बरं. मोबाइल खाली धर, खोड दाखव. लागवड किती बाय किती?"

"साधारण मीटर बाय मीटर."

"मग ट्रॅक्टर कुठून जातो?"

"नांगरटीला घोडा लावतात."

पलीकडे जरा शांतता. मग, "खुंट कोणता?"

खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम बांधतात ते झाड. नानांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. फिलॉक्सेरा नावाच्या, मुळं खाणाऱ्या कीटकाने फ्रान्सच्या बागा एकोणिसाव्या शतकातच संपवल्या होत्या. अमेरिकन खुंटावर कलमं करून बाकीच्यांनी जीव वाचवला. या बागेने मात्र आपल्याच मुळांवर हट्टाने १९४५ पर्यंत तग धरला. त्या वर्षी जेमतेम ६०० बाटल्या निघाल्या आणि बाग उपटावी लागली. १९४६ ते १९५१ इथे वाइनच झाली नाही. त्या ६०० मधली एक बाटली २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली.

"म्हणजे आपल्यासारखंच," नाना म्हणाले, "आपला डॉगरिज खुंटपण अमेरिकेचाच की. माल किती निघतो?"

रस्त्यावर उभी राहून मी हिशेब केला. १.८ हेक्टर म्हणजे साडेचार एकर. वर्षाला पाच-सहा हजार बाटल्या, बाटलीला किलो-सव्वाकिलो द्राक्षं. एकरी दीड टन.

"दीड टन? तेवढं तर आमच्याकडे गारपिटीनंतर निघतं!"

मग मी एका बाटलीचा दर सांगितला. साध्या वर्षाचीही दहा लाखांच्या वर जाते म्हटलं. वाटलं, आता नाना हसतील किंवा शिवी घालतील. ते म्हणाले, "आणि व्यापारी पैसे बुडवत नाहीत?"

मला काही बोलता येईना. दोन वर्षांपूर्वी एक व्यापारी नानांचा सगळा माल उचलून गेला, तो अजून फोन घेत नाही.

शेजारच्या तुकड्यात एक बाई छाटणी करत होती. पाठीला बॅटरी, हातात विजेची कात्री, मागे पत्र्याचं पिंप आडवं कापून केलेला एकचाकी गाडा. त्यात काड्या जळत होत्या. तिने मला खुणेने बोलावलं, मी बांधावरूनच हात शेकले. एका शब्दाचीही देवाणघेवाण झाली नाही. तो धूर अगदी ओळखीचा होता. आमच्याकडे बंबात द्राक्षाच्याच काड्या असायच्या.

"एखादी काडी आण की गं," नाना म्हणाले. विमानात चालत नाही म्हटलं. तेवढ्यात, "लाईट आली, मोटर चालू करतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

परतताना न्वीमध्ये गावाच्या नावाची साधी बाटली घेतली, ६५ युरोंना. नाना माळकरी. आयुष्यभर द्राक्षं पिकवली, पण वाइनचा थेंब त्यांच्या ओठाला लागलेला नाही. त्यामुळे ती मी आणि ताईने लियाँलाच फोडली. रंग इतका फिका की पलीकडचं बोट दिसत होतं. पहिला घोट पाणचट. तासाभराने ओल्या पालापाचोळ्याचा वास आला, मागून आंबट चेरी. आवडली. पण आम्ही किलोचा भाव काढत वाढलेली माणसं. घोटाला किती पडले हे मी तिसऱ्यांदा मोजायला लागले, तेव्हा ताई ओरडली, "पी आता!"

तितक्यात नानांचा व्हॉइस मेसेज आला. "काडी राहू दे. त्या बाईच्या हातात होती ती कात्री तिकडं कितीला मिळते बघ. आपल्याकडची वर्षभरपण टिकत नाही."