ठिपकीची खाद्यपिशवी

कोंबडीच्या गळ्याखालची खाद्यपिशवी संध्याकाळी भरलेली असावी आणि पहाटे रिकामी असावी, ही एवढी साधी गोष्ट मला कोंबड्या पाळायला लागून सहा वर्षे झाल्यावर कळली, आणि तीही आमची ठिपकी मरणाच्या दारात जाऊन उभी राहिली तेव्हा. ठिपकी ही गावठी कोंबडी, आता चार वर्षांची. आमच्याच घरी खुडूक कोंबडीखाली एकविसाव्या दिवशी ती अंड्यातून बाहेर आली आणि तलंग, म्हणजे अंड्यावर येण्याच्या वयाची तरुण कोंबडी, झाल्यापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन माझ्या तळहातावरची कणी टिपू लागली. आमच्या घरात कोंबडीचा रस्सा होतो, ते मी लपवणार नाही. पण ठिपकीचा विषय त्यात कधी निघाला नाही आणि सासूबाईंनीही तो कधी काढला नाही.

गेल्या नोव्हेंबरमधली ही गोष्ट. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या वाडीत भातकापणी, झोडणी आटोपली होती, अंगणाच्या कडेला पेंढ्याची उडवी रचून झाली होती आणि पावसाळ्यात गुडघाभर वाढलेले गवत वाळून सुतासारखे चिवट झाले होते. त्यातच मागील दारी सुंभाचे एक जुने पायपुसणे कुजत पडले होते, ज्याच्याकडे आमचे कोणाचेच लक्ष नव्हते. एके दुपारी ठिपकी माडाच्या बुंध्याशी पिसे फुगवून उभी असलेली दिसली. शेपटी खाली, डोळे अर्धवट मिटलेले, आणि मधूनच ती मान लांब करून एका बाजूला पिळल्यासारखी वळवीत होती, जसे काही गळ्यात अडकलेले खाली ढकलू पाहते आहे. संध्याकाळी खुराड्यात घालताना मी तिच्या छातीवर हात ठेवला, पिशवी टच्च भरलेली लागली, आणि "पोटभर खाल्ले आहे, म्हणजे विशेष काही नाही" असे समजून मी खुराड्याचे दार लावले.

याच समजुतीमुळे माझे दोन दिवस वाया गेले. कोंबडीने टिपलेला दाणा थेट पोटात जात नाही. तो मानेच्या तळाशी, किंचित उजव्या अंगाला असलेल्या खाद्यपिशवीत साठतो, तिथे भिजतो, मऊ होतो आणि मग थोडा थोडा पुढे सरकतो. पुढे आधी आम्ल आणि पाचकरस स्रवणारे लहान जठर येते, त्यानंतर खाटीक ज्याला पेटा म्हणतो ते जाड स्नायूंचे दळणारे पोट येते, आणि तिथे कोंबडीने गिळलेल्या बारीक खड्यांच्या साहाय्याने दाण्याचे पीठ होते. दिवेलागणीला भरलेली पिशवी रात्रभर या जात्याला दाणा पुरवीत राहते. त्यामुळे संध्याकाळी हात लावून काहीच कळत नाही. निरोगी आणि आजारी या दोन्ही कोंबड्यांची पिशवी त्या वेळी सारखीच भरलेली लागू शकते. खरे उत्तर मिळते ते पहाटे, दाणे टाकण्यापूर्वी. मी सहा वर्षे संध्याकाळीच हात लावीत आले होते.

दुसऱ्या दिवशी तिची विष्ठा पातळ आणि हिरवट झाली. हिरवा रंग पाहून माझ्या मनात पहिली भीती आली ती मानमोडीची, कारण आमच्या भागात या रोगाने खुराडीच्या खुराडी रिकामी झालेली मी पाहिली आहेत. पण आमच्या सगळ्या कोंबड्यांना लस दिलेली होती, बाकीच्या अकराही जणी खात-पीत होत्या, आणि ठिपकीची मान वाकडी होऊन तशीच राहत नव्हती की श्वासाला घरघर नव्हती. (यातले काही दिसत असते, किंवा दोन-तीन कोंबड्या एकदम मलूल झाल्या असत्या, तर घरगुती उपचार करीत बसणे चुकीचे ठरले असते, अशा वेळी लगेच सरकारी दवाखान्यात कळवावे.) उपाशी कोंबडीच्या विष्ठेतही पित्ताचा हिरवा रंग उतरतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. हगवण लागली आहे एवढेच सांगून मी बाजारातल्या एका औषधाच्या दुकानातून भुकटी आणली. दुकानदाराने कोंबडी न पाहता, मला आणखी काही न विचारता प्रतिजैविकाची पुडी हातावर ठेवली आणि मीही ती पाण्यात कालवून ठिपकीपुढे ठेवली. या पुडीचा राग मला अजून येतो, आणि त्यातला निम्मा माझ्या स्वतःवरच आहे.

तिसऱ्या पहाटे खुराडे उघडताच मी पुन्हा तिच्या गळ्याखाली हात घातला. रात्रभरात कणभरही पुढे सरकले नव्हते. लिंबापेक्षा मोठा, मळलेल्या कणकेसारखा गोळा बोटांना लागत होता. दाबले की बोटाचा ठसा क्षणभर तसाच राहत होता. तिला मी डालग्याखाली वेगळे ठेवले, खाली पेंढा न घालता वर्तमानपत्रे पसरली, म्हणजे ती आणखी काही गिळणार नाही आणि विष्ठाही नीट दिसेल. दाणे बंद केले, फक्त पाणी ठेवले. पहाटेच्या गारव्याने बाटलीतले खोबरेल थिजले होते. त्याचे वाटाण्याएवढे तुकडे तिच्यापुढे धरले, तर तिने ते आपणहून टिपले. ही गोष्ट मला फार उपयोगाची वाटते, कारण पातळ तेल चोचीत ओतण्यात मोठा धोका असतो. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडे असते आणि ओतलेले तेल तिथून फुप्फुसांत उतरू शकते. तेल गेल्यावर मी दिवसातून चार वेळा, पाच-पाच मिनिटे, तिला मांडीवर घेऊन तो गोळा बोटांनी हलक्या हाताने चोळत राहिले. ती मुळीच धडपडत नव्हती. निरोगी असती तर तिने मला असे चोळू दिले नसते, हे जाणवून मला रडू येई.

संध्याकाळपर्यंत गोळा मऊ झाला खरा, पण तो बरा होण्याचा मऊपणा नव्हता. पिशवी पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी डचमळू लागली आणि चोचीजवळ नाक नेले की शिळ्या माडीसारखा आंबूस वास येऊ लागला. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "गो, तिका उलटी धर, सगळा भायर येतला." काकूंनी आयुष्यभर कोंबड्या सांभाळल्या आहेत आणि त्यांच्या सांगण्यात माया होती. मी ठिपकीला छातीशी धरून खाली वाकवले. चोचीतून तपकिरी पाण्याची धार आली, पाठोपाठ तिने खोकल्यासारखा एक आवाज केला आणि बघता बघता तिचा तांबडा तुरा जांभळा पडला. मी तिला सरळ केले आणि श्वास परत लागेपर्यंत ती माझ्या हातांत थरथरत राहिली. तो अर्धा मिनिट मी विसरू शकत नाही. अशा रीतीने ओकारी काढायला जाऊन कोंबडी जागेवर गुदमरून मरू शकते, हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण हा सल्ला गावात सर्रास दिला जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला टोपलीत घालून आम्ही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. गाई-म्हशींच्या रांगेत एका कोंबडीसाठी बसताना मला संकोच वाटत होता, पण डॉक्टरांनी तिला इतर कोणत्याही जनावराइतक्याच लक्षपूर्वक तपासले. वजन भरले १ किलो ६० ग्रॅम. दिवाळीत मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर घेतले होते तेव्हा ती १ किलो ३१० ग्रॅम होती. छातीचे मधले हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागत होते. पिशवीतल्या पाण्याचा थेंब त्यांनी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मलाही दाखवला: अंडाकृती, कोंब फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशींचे पुंजकेच्या पुंजके. ही कँडिडा नावाची बुरशी. ती थोड्या प्रमाणात निरोगी कोंबडीतही असते, पण अन्न पिशवीत तुंबून आंबू लागले की माजते. आणि प्रतिजैविक दिले की तिला आवरणारे जिवाणू मरतात, बुरशीला मात्र त्या औषधाने काहीच होत नाही. म्हणजे मी आणलेल्या पुडीने दुखण्यात भरच घातली होती. सासूबाई प्रेमाने ताक-हळद पाजीत होत्या, तेही डॉक्टरांनी थांबवायला सांगितले, कारण दुधातली साखर पचवणारे विकर पक्ष्यांत जवळजवळ नसते.

पण बुरशी हे कारण नव्हते, असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. पिशवी आंबली, कारण ती रिकामी होत नव्हती. ती का रिकामी होत नव्हती, हे शोधायला हवे. खाली पेटा तुंबला असेल, जंत झाले असतील, अंडे आत अडकले असेल, पिशवीचे स्नायूच लुळे पडले असतील. यांतले काहीही असू शकते. त्यांनी पोट चाचपून अंडे नसल्याची खात्री केली. विष्ठेच्या नमुन्यात गोलकृमींची थोडी अंडी सापडली, पण एवढ्याने असे होणार नाही, असे त्यांचे मत पडले. मग पिशवी दोन बोटांत धरून त्यांनी डोळे मिटून बराच वेळ चाचपली आणि म्हणाले, "पाण्याच्या तळाशी काहीतरी दोरीसारखं आहे. उघडायला लागेल."

शस्त्रक्रिया वीस-पंचवीस मिनिटांची झाली आणि मी तिचे पाय धरून उभी होते. पिशवीवरची पिसे उपटून जागा स्वच्छ केली, कातडी बधिर केली, आधी कातडीवर आणि मग आतल्या पातळ पिशवीवर, रक्तवाहिन्या चुकवून, छोटासा छेद दिला. आतून आधी आंबलेले पाणी आले, मग फुगून फुटलेले भाताचे दाणे, आणि मग चिमट्याला लागून ते बाहेर येऊ लागले: सुंभाचे तंतू, वाळक्या गवताच्या काड्या, पुन्हा सुंभ, सगळे एकमेकांत पिळून केसांच्या गुंतवळासारखे झालेले. त्याचे एक टोक खाली पेट्याकडे गेले होते. ते डॉक्टरांनी ओढले नाही. पिशवीत कोमट सलाईन सोडून, थोडे थोडे ढिले करीत, दोन वेळा थांबून, ते पूर्ण काढले. झटक्याने ओढले असते तर आतले अस्तर सोलून निघाले असते, असे ते हळू आवाजात सांगत होते. बाहेर काढलेला गुंता माझ्या मुठीत मावत नव्हता. पायपुसण्याचा तांबूस रंग मी लगेच ओळखला. त्यानंतर पिशवीला वेगळे आणि कातडीला वेगळे टाके घातले; दोन्ही एकत्र शिवले तर ते एकमेकांना चिकटतात आणि पिशवीला हालचाल करता येत नाही.

पुढचे दहा दिवस ती स्वयंपाकघरात होती. कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते आणि उपाशी, आजारी पक्ष्याची बरीच शक्ती ते टिकवण्यातच खर्च होते, म्हणून डालग्याच्या एका बाजूला साठ वॅटचा दिवा लावून ठेवला. दुसरी बाजू मुद्दाम थंड ठेवली, म्हणजे तिला हवे तिकडे सरकता यावे. पहिले दोन दिवस भाताची पातळ पेज, एका वेळी दोन चहाचे चमचे, दर दोन तासांनी. मग उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक पेजेत कुस्करून. बुरशीवरचे निस्टॅटिन डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मापाने, चोचीच्या कडेने थेंब थेंब, प्रत्येक थेंब तिने गिळल्याची खात्री करीत. जंताचे औषध ती सावरल्यावर दिले. रोज पहाटे साडेपाचला मी दिवा न लावता तिच्या गळ्याखाली हात घाली. पहिल्या पहाटे पिशवीत थोडे पाणी होते, दुसऱ्या पहाटेही तसेच. तिसऱ्या पहाटे पिशवी अशी सपाट लागली की मला आधी ती सापडलीच नाही. बोटांना फक्त टाके लागले.

वर्तमानपत्रावर त्याच सकाळी घट्ट, तपकिरी विष्ठा पडली होती आणि तिच्यावर पांढरी टोपी होती. हा पांढरा भाग म्हणजे कोंबडीची लघवी. मी सासूबाईंना उठवून ती दाखवली आणि त्याही चष्मा लावून, कागदाजवळ बसून, नीट पाहत राहिल्या. दुपारी चिकट, चॉकलेटी, घाण वासाची विष्ठा आली तेव्हा मी पुन्हा घाबरले. पण मोठ्या आतड्याच्या तोंडाशी ज्या दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्या रिकाम्या होतात तेव्हा अशी विष्ठा मधूनमधून पडतेच आणि ती पचन चालू असल्याची खूण आहे, असे डॉक्टरांनी फोनवर सांगितले.

जानेवारीच्या शेवटी तिचे वजन १ किलो २४० ग्रॅम झाले. तिने अंडी द्यायला सुरुवात केली, पण औषधांचा अंश उतरू शकतो म्हणून सांगितलेल्या मुदतीपर्यंतची अंडी आम्ही खाल्ली नाहीत, माडाच्या आळ्यात पुरली. पूर्ण बरी मात्र ती झालेली नाही. इतके दिवस ताणली गेल्यामुळे तिची पिशवी सैल पडली आहे आणि संध्याकाळी ती किंचित लोंबते. हे आता असेच राहणार. म्हणून तिला सुका भात किंवा आख्खा मका देत नाही. भिजवलेली कणी, कोंडा आणि बारीक चिरलेला माठ, तेही दिवसातून तीनदा थोडे थोडे. खड्यांसाठी वहाळातली बारीक वाळू धुऊन एका करवंटीत ठेवलेली असते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत, कारण तो पोटात विरघळून कवचाला चुना पुरवतो, दळण्याच्या कामी येत नाही. गवत बोटभर वाढले की कापतो आणि कापलेले उचलून टाकतो. सुंभाचा तुकडा अंगणात कुठे दिसला, तर आता काकूच आधी उचलतात आणि कमरेला खोचतात.

पहाटेचा हात मात्र मी चुकवलेला नाही. बाराही जणींना एकेक करून चाचपते, ठिपकीला सर्वांत शेवटी, कारण तिला वेळ लागतो. आज पिशवीत चिंचोक्याएवढे काही लागले, म्हणून तिला दाणे न देता पाणी आणि थिजलेल्या खोबरेलाचा एक तुकडा दिला आहे; नऊ वाजता पुन्हा पाहीन.